वळणाचा दिवा आणि लुकासची अपकीर्ति

जुन्या इंग्रजी स्पोर्ट्स मोटारींच्या शौकिनांची बैठक जमली कीं दोन विनोद तेथें हटकून ऐकूं येतात. इंग्रज लोक बिअर कोमट कां पितात? तर त्यांचीं शीतकपाटें लुकास कंपनीनें केलेलीं असतात म्हणून. दुसरा असा कीं, लुकासच्या दिव्यांच्या बटनाला तीन घरें असतात : एक मंद, दुसरें लुकलुक आणि तिसरें बंद. अमेरिकेंतील मोटारवाल्यांनीं तर या कंपनीला 'अंधाराचा राजपुत्र' अशी पदवीच बहाल केलेली आहे. विनोद म्हणून हें सारें गोड मानून घ्यावें. परंतु एखादा विनोद दोन-तीन पिढ्या चालला कीं लोक त्यास इतिहास समजूं लागतात, आणि एकदां इतिहास म्हणून तो मान्य झाला म्हणजे त्याचा पुरावा मागण्याची कोणास आठवण राहत नाहीं. लुकासच्या बाबतींत असेंच कांहींसें झालें आहे, असें आमचें मत आहे.

या मताची परीक्षा करण्यासाठीं मोटारींतील सगळी विद्युद्व्यवस्था तपासण्याचें कारण नाहीं. वळणाचा दिवा, ज्याला आपण सर्वजण इंडिकेटर म्हणतों, तेवढा एक घेतला तरी पुरे. एम्. जी., ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली या गाड्या बाळगणाऱ्यांच्या तक्रारींत त्याचा क्रमांक बराच वर लागतो. एका बाजूचा दिवा पेटतो पण लुकलुकत नाहीं. दुसरा लुकलुकतो पण ब्रेकवर पाय पडतांच गोंधळतो. पावसाची एक सर आली कीं दोन्ही मौन धरतात. हा विद्युन्मार्ग लहान आहे. त्याचीं टोकें मोजतां येतात, दोष कोणत्या टोकाशीं आहे हें शोधून काढतां येतें, आणि दोष सांपडला म्हणजे दोषी कोण याचाही निवाडा होऊं शकतो.

प्रथम आरोपीची ओळख करून घेऊं. जोसेफ लुकास हा १८३४ सालीं बर्मिंगहॅम शहरीं जन्मला. प्रारंभीं तो हातगाडीवरून घासलेट, बादल्या, फावडीं असला माल गल्लोगल्लीं विकीत असे. घासलेट विकणारा मनुष्य दिव्यांकडे वळावा हें स्वाभाविकच होतें. १८८० च्या सुमारास, उंच चाकाच्या सायकलींचा तो काळ असतां, चाकाच्या तुंब्यापाशीं टांगावयाचा एक दिवा त्यानें बाजारांत आणला आणि त्याला 'किंग ऑफ दि रोड' म्हणजे 'रस्त्याचा राजा' असें नांव दिलें. या दिव्यानें त्याचें घर भरलें. १९०२ सालीं जोसेफ वारला, तेव्हां मोटार नुकतीच रांगूं लागली होती. पण त्याच्या पुत्रपौत्रांनीं धंदा मोटारीकडे नेला आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत डायनॅमो, स्टार्टर, मॅग्नेटो, दिवे, भोंगे, बटनें, तारा यांपैकीं बहुतेक सर्व जिनसा ब्रिटिश कारखानदार याच एका घरांतून विकत घेऊं लागले. रस्त्याचा राजा म्हणून ज्याची द्वाही फिरली, त्याच्याच वंशाला पुढें अंधाराचा राजपुत्र म्हणावें, हा दैवाचा विनोद बैठकींतल्या विनोदांपेक्षां अधिक मार्मिक आहे.

या मक्तेदारीकडे विशेष लक्ष दिलें पाहिजे. ती एवढी वाढली होती कीं, मोटारींच्या विद्युत्-सामग्रीच्या पुरवठ्याविषयीं ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगास चौकशी करावी लागून १९६३ सालीं त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. याचा एक परिणाम सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. अॅबिंग्डनची एम्. जी., कॉव्हेंट्रीची ट्रायम्फ, तेथीलच जॅग्वार, शिवाय ऑस्टिन-हीली, या एकमेकींशीं स्पर्धा करणाऱ्या गाड्या. पण त्यांपैकीं कोणत्याही गाडीचा दिवा विझला कीं खापर एकाच नांवावर फुटे. गंज पत्र्याला लागो, पाणी गळक्या छपरांतून येवो, तार भलत्याच ठिकाणाहून नेलेली असो, बल्बावर नांव लुकासचें! गांवांत वैद्य एकच असला म्हणजे गांवांतले सगळे मृत्यु त्याच्याच हातून होतात, तसलाच हा प्रकार. दुसऱ्या महायुद्धांत व्हिटलच्या जेट इंजिनासाठीं ज्वलनकक्ष व इंधनाची योजना तयार करण्याचें बिकट काम याच कंपनीनें केलें होतें, हेंही येथें नमूद केलेलें बरें. ज्यांना विमानाच्या इंजिनांत अग्नि खेळवितां आला, त्यांना मोटारीच्या कोपऱ्यांतला एक दिवा पेटता ठेवतां येत नव्हता, हें म्हणणें सहजासहजीं पटण्यासारखें नाहीं.

आतां दिव्याकडे वळूं. वळण्याची सूचना देण्याचें पहिलें साधन मनुष्याचा हात हेंच होतें. ब्रिटनमध्यें १९३१ सालीं 'हायवे कोड' ही रस्त्याच्या नियमांची पुस्तिका प्रथम निघाली, तींत हाताच्या खुणा दाखविलेल्या होत्या. आपल्याकडेही हात बाहेर काढून खूण करण्याची रीत कायद्यांत उतरली, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांतसुद्धां चालकानें द्यावयाच्या इशाऱ्यांचें कलम असून, वळण्याचा इशारा यांत्रिक वा विद्युत् साधनानें दिला तरी चालेल, अशी त्यांत मुभा ठेवलेली आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें हात हा मूळ पुरुष आणि दिवा हा त्याचा मुखत्यार. उघड्या दोन आसनी गाडींत तर हात बाहेर काढणें फार सोपें. १९४५ ते १९४९ या काळांत एम्. जी. टी. सी. या गाडीचे दहा हजार नग अॅबिंग्डनला तयार झाले. त्यांतील स्वदेशीं विकलेल्या गाड्यांना इंडिकेटर मुळींच नव्हता. १९३६ पूर्वीं रस्त्यावर आलेल्या मोटारीला इंडिकेटर नसला तरी ब्रिटिश कायदा आजही तिला चालवून घेतो.

बंद गाड्यांचा प्रश्न निराळा होता. थंडीपावसांत कांच खालीं करून हात बाहेर काढणें इंग्रज सद्गृहस्थास रुचेना. त्यांच्यासाठीं 'ट्रॅफिकेटर' निघाला. दोन दरवाजांमधील खांबांत एक वीतभर लांबीचा हात झोंपलेला असे. बटन दाबलें कीं विद्युच्चुंबक आंतील दांडी ओढी, हात आडवा उभा राही आणि त्याच्या पिवळ्या पोटांतला लहानसा बल्ब पेटे. रेल्वेच्या सिग्नलाचें हें मोटारींतलें पिल्लूच होय. हा हात कधीं अर्ध्यावर अडे, कधीं बाहेर आल्यावर आंत जाईना, आणि मग आंतल्या बाजूनें खांबाला बुक्की मारावी लागे. मॉरिस मायनरवर तो १९६१ पर्यंत टिकला. परंतु उघड्या स्पोर्ट्स गाडीला तो बसवावयास खांबच नसे. त्यामुळें या जातीच्या बहुतेक गाड्या मनुष्याच्या हाताकडून एकदम लुकलुकत्या दिव्याकडे आल्या. मधली पायरी त्यांनीं पाहिलीच नाहीं. ही गोष्ट क्षुल्लक दिसते, पण पुढच्या पुष्कळ घोटाळ्यांचें मूळ तींत आहे.

लुकलुकता दिवा अमेरिकेंत आधीं रुळला. ब्यूइक गाड्यांवर तो १९३९ च्या सुमारास कारखान्यांतूनच बसवून येऊं लागला होता. युद्ध संपल्यावर ब्रिटन कर्जबाजारी झालें होतें, डॉलर मिळविणें हा राष्ट्रीय धर्म ठरला होता आणि पोलाद मिळावयाचें तर माल परदेशीं पाठवावा लागे. अमेरिकन गिऱ्हाइकाला लुकलुकता दिवा हवा होता, म्हणून टी. सी. च्या शेवटच्या, अमेरिकेकरितां तयार केलेल्या आवृत्तीवर तो आला. १९५३ च्या सुमारास ऑस्टिन-हीली १०० व एम्. जी. टी. एफ्. या गाड्या निघाल्या त्या असा दिवा घेऊनच. प्रश्न एकच होता : या गाड्यांच्या चिमुकल्या मागच्या अंगावर आणखी दोन दिवे बसवावयाचे कोठें, आणि त्याचा खर्च सोसावयाचा कोणीं?

कारखानदारांनीं काढलेली तोड अशी : नवा दिवा नकोच. ब्रेकचा जो तांबडा दिवा मागें आहे त्यालाच वळतांना लुकलुकावयास लावावें, आणि पुढें बाजूच्या पांढऱ्या दिव्यांतच दुसरी तार घालावी. पण ब्रेक दाबला असतां दोन्ही तांबडे दिवे सतत पेटले पाहिजेत आणि त्याच वेळीं डावीकडे वळावयाचें असेल तर डावा मात्र लुकलुकला पाहिजे. एकाच बल्बाला दोन धनी झाले. या दोन धन्यांचा तंटा मिटविण्यासाठीं लुकासनें 'डी. बी. १०' नांवाची एक पेटी केली. तींत दोन रिले व बाहेर आठ टोकें. डावीकडचें बटन फिरविलें कीं डावा रिले खेंचला जाई, डाव्या मागल्या बल्बाचा ब्रेकशीं असलेला संबंध तोडी आणि त्याला पुढच्या बल्बासह फ्लॅशरच्या हवालीं करी. उजवा बल्ब इकडे निमूटपणें ब्रेकची चाकरी करीत राही. कल्पना चातुर्याची खरी. पण ही पेटी बसविली इंजिनाच्या खोलींतल्या भिंतीवर, जेथें धग, तेलाची वाफ आणि चाकांनीं उडविलेला ओलावा यांचा बारमाही मुक्काम. तिच्यांतील उघडे संपर्क काळवंडले कीं चमत्कारिक लक्षणें दिसूं लागतात. ब्रेकचें बटन धड, बल्ब धड, तार धड, तरी एका बाजूचा ब्रेकदिवा लागत नाहीं! अशा वेळीं ब्रेकचें बटन बदलणारे शेंकडों निघतील. वळणाच्या दिव्याची पेटी उघडून पाहणारा एखादाच. हीलीच्या रोगांत हा रोग सर्वांत फसवा आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

एम्. जी. ए. (१९५५) या देखण्या गाडीवर याहून एक गंमतीची वस्तु होती. तिचें इंडिकेटरचें बटन चाकाच्या दांड्यावर नसून समोरच्या फळीवर होतें, आणि तें परत जागेवर येई तें चाक सरळ झाल्यामुळें नव्हे, तर त्याच्या पोटांतील हवा हळूहळू सरल्यामुळें. कांहीं सेकंद लोटले कीं बटन आपोआप मिटे, मग तुम्ही वळलेले असा वा चौकांत तिष्ठत असा. आंतला पडदा जुना होऊन हवा लवकर गळूं लागली म्हणजे वळण येण्यापूर्वींच इशारा संपे. येथें विजेचा दोष तिळमात्र नाहीं. तरीही याचेंही पाप लुकासच्याच विजेच्या खातीं मांडलें जातें.

१९५९ त एम्. जी. ए. चा १६०० घनसेंटिमीटरचा नमुना आला तेव्हां त्यावर वळणाचे निराळे दिवे दिसूं लागले. पुढें १ सप्टेंबर १९६५ पासून वापरांत येणाऱ्या गाड्यांना पिंवळसर नारिंगी इंडिकेटरच पाहिजे असें ब्रिटिश कायद्यानें ठरविलें, आणि दोन धन्यांचा तंटा निदान ब्रिटनपुरता मिटला. १९६२ ते १९८० पर्यंत चाललेली, पांच लाखांहून अधिक संख्येनें निघालेली एम्. जी. बी. ही याच नव्या व्यवस्थेंतली. डी. बी. १० हिच्यांत नाहीं. तरी हिचेही इंडिकेटर रुसतातच. म्हणून दोषाचा खरा ठाव काढावयास हीच गाडी उत्तम.

हिच्यांतला विजेचा प्रवास पाहूं. बॅटरी, तेथून किल्लीचें कुलूप, तेथून फ्यूज, फ्यूजमधून निघालेली हिरवी तार फ्लॅशरला. फ्लॅशरमधून फिकट हिरवी-तपकिरी तार चाकाच्या दांड्यावरील बटनाला. बटनापासून डावीकडे हिरवी-तांबडी, उजवीकडे हिरवी-पांढरी. या दोन्ही वाटेंत पितळी गोळीसारख्या टोकांनीं जोडलेल्या, आणि शेवटीं बल्बाच्या बैठकींत उतरलेल्या. येथवर प्रत्येक तारेला रंग आहे. रंगांची ही पद्धति लुकासचीच देणगी, आणि साठ वर्षांच्या जुन्या गाडीपुढें बसलेल्या मनुष्यास आजही दोष शोधतां येतो तो केवळ तिच्या बळावर. निंदकांच्या तोंडून मात्र तिची स्तुति ऐकूं येत नाहीं. बल्बातून बाहेर पडल्यावर पुढचा अर्धा प्रवास उरतोच. वीज बॅटरीकडे परत गेली पाहिजे. ती जाते गाडीच्या लोखंडी अंगांतून. या अर्ध्या मार्गाला बहुशः तारही नाहीं, मग रंग कोठून असावा! आपले मेस्त्री या परतीच्या वाटेला 'अर्थ' म्हणतात. शब्द इंग्रजी असला तरी मराठींत तो मोठा समर्पक झाला आहे, कारण या गाड्यांत अर्थ सुटला कीं अनर्थ ओढवलाच म्हणून समजावें.

रोगपरीक्षेचा क्रम असा ठेवावा. दोन्ही बाजू एकदम गेल्या असतील तर आधीं ब्रेक दाबून मागें कोणास तरी पाहावयास सांगावें आणि पेट्रोलच्या कांट्याकडे स्वतः पाहावें. तेही मेलेले असतील तर फ्यूज गेला, अथवा फ्यूजच्या दोन्ही बाजूंचे चिमटे कळकले. कारण प्रारंभींच्या एम्. जी. बी. त सबंध गाडीला कामाचे फ्यूज दोनच, आणि हिरव्या तारांचें सारें कुटुंब त्यांतल्या एकावर पोसलेलें. फ्यूजची नळी नुसती फिरवून किल्ली लावतांच सर्व जागें झालें, असें पुष्कळदां घडतें. ब्रेकदिवे आणि कांटा नीट आहेत पण इंडिकेटर तेवढे मुके, असें असेल तर संशय फ्लॅशरवर जातो. परंतु अमेरिकेच्या १९६८ पासूनच्या नियमांनंतर या गाड्यांवर चारही दिवे एकदम लुकलुकविणारें संकटाचें बटन आलें, आणि इंडिकेटरची वीज त्या बटनातून फिरवून नेलेली असते. संकट वर्षानुवर्षें येत नाहीं, बटन कोणी दाबीत नाहीं, आंतील संपर्क मळतात आणि निरपराध इंडिकेटर अडून बसतो. तें बटन दहा-बारा वेळां खालींवर केलें कीं बहुधा रोग हटतो. नवा फ्लॅशर विकत घेण्यापूर्वीं हा फुकटचा उपाय अवश्य करून पाहावा.

फ्लॅशरची हकीकत थोडी विस्तारानें सांगण्यासारखी आहे, कारण तो एक लहानसा वैद्यच आहे. १९६० च्या आसपासच्या गाड्यांतील 'एफ्. एल्. ५' या अॅल्युमिनियमच्या डबीला तीन टोकें असतात : एक बॅटरीचें, एक दिव्यांचें, एक डॅशबोर्डवरील सूचक दिव्याचें. आंत एक बारीक तार ताणून बसविलेली असते आणि तिनें एक लोखंडी पट्टी ओढून धरलेली असते. बटन फिरवितांच वीज प्रथम या तारेंतून आणि एका रोधकांतून जाते. ती इतकी अल्प असते कीं बल्ब पेटत नाहींत, पण तार तापते. तापली कीं लांबते, पट्टी सुटते, संपर्क जुळतो आणि पूर्ण प्रवाह तारेला वगळून थेट दिव्यांकडे धांवतो. दिवे लागले, तार निवाली, आंखडली, तिनें पट्टी पुन्हा ओढली, दिवे विझले. मिनिटांत साठ ते एकशेंवीस वेळां हा खेळ चालावा असें कायदा सांगतो. शिवाय दिव्यांकडे जाणारा प्रवाह एका वेटोळ्यांतून जातो, आणि तो पुरेसा असेल तरच दुसरी एक पट्टी खेंचली जाऊन सूचक दिवा लागतो. एका बाजूचे दोन बल्ब एकवीस-एकवीस वॅटचे, मिळून बेचाळीस. बारा व्होल्टला साडेतीन अँपिअर. त्यांतील एक बल्ब मेला कीं प्रवाह निम्मा होतो, पट्टी हलत नाहीं, सूचक दिवा अंधारा राहतो. म्हणजे डॅशबोर्डवरचा तो हिरवा ठिपका न पेटणें हा फ्लॅशरचा बिघाड नसून 'त्या बाजूला जाऊन पाहा' असा त्याचा निरोप असतो. ज्यांना हा निरोप वाचतां येत नाहीं ते निरोप्यालाच बदलतात. पुढील काळांत दोन टोकांचा फ्लॅशर आला; तोही प्रवाहावरच चालतो आणि प्रवाह घटला कीं दिवा पेटता ठेवून थबकतो.

आतां मुख्य आरोपीकडे, म्हणजे अर्थाकडे. साडेतीन अँपिअर वाहून नेणाऱ्या मार्गांत कोठें तरी एका ओहमचा अडथळा आला असें धरा. कळकलेली पितळी गोळी किंवा दिव्याच्या बुडाशीं जमलेला गंज एवढा अडथळा सहज करतो. दोन बल्बांचा मिळून रोध सुमारें साडेतीन ओहम, त्यांत हा एक. प्रवाह पावणेतीन अँपिअरच्याही खालीं उतरतो, दिव्यांना बेचाळीसऐवजीं जेमतेम पंचवीस वॅट पोंचतात, आणि प्रकाश तर याहूनही अधिक मंदावतो. फ्लॅशरला वाटतें एक बल्ब गेला. तो थांबतो. मालक फ्लॅशर बदलतो, मग बटन बदलतो, मग लुकासला शिव्या देतो. आणि दोष असतो तो दिव्याची कडी जेथें पत्र्याला स्क्रूनें आंवळलेली आहे त्या नखाएवढ्या जागीं.

अर्थ अजिबात तुटला तर याहून विचित्र दृश्य दिसतें. पुढच्या एका घरांत बाजूचा दिवा आणि इंडिकेटर शेजारी राहतात व परतीची वाट सामाईक असते. ती बंद झाली कीं इंडिकेटरची वीज शेजाऱ्याच्या घरांतून वाट काढते : बाजूच्या बल्बाच्या तारेंतून उलटी शिरून, त्या तारेनें दुसऱ्या दिव्यांपर्यंत जाऊन, तेथून अंगांत उतरते. वळणाचें बटन फिरवावें आणि बाजूचे दिवे मिणमिण करावेत, ब्रेक दाबावा आणि इंडिकेटर उजळावा, अशीं भुताटकीचीं लक्षणें दिसलीं कीं तारांचा जुडगा उलगडीत बसूं नये. एक हातभर तार घ्यावी, तिचें एक टोक दिव्याच्या धातूच्या बैठकीला व दुसरें घांसून स्वच्छ केलेल्या लोखंडाला लावावें. भूत तत्क्षणीं पळालें तर दोष अर्थाचा, हें सिद्ध झालें. मग काचकागद घेऊन ती जागा चकचकीत करावी, थोडें ग्रीस लावावें आणि स्क्रू आंवळावा. खर्च शून्य.

येथें एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. खटाऱ्यासारख्या दिसणाऱ्या जुन्या गाडीपेक्षां हजारों रुपये ओतून नव्यानें रंगविलेल्या गाडींत हा रोग अधिक आढळतो. रंगारी उत्तम असला म्हणजे तो प्रत्येक भोंकाच्या कडेवर, प्रत्येक कडीखालीं रंगाचे थर चढवितो. आणि रंग विजेला वाट देत नाहीं. गाडी आरशासारखी लखलखते आणि इंडिकेटर आंधळे होतात. यांत लुकासनें काय करावयाचें होतें?

मग लुकास सर्वथा निर्दोष ठरतो काय? तसेंही आम्हांस म्हणतां येत नाहीं. पितळी गोळ्यांचे सांधे पाण्यापासून नीट झांकलेले नव्हते. डी. बी. १० सारखी उघड्या संपर्कांची पेटी इंजिनाच्या धगींत बसेल, हें ती करणाऱ्यांना ठाऊक होतें. परंतु सबंध गाडीला दोन फ्यूज, परतीसाठीं स्वतंत्र तार नाहीं, एका बल्बाला दोन धनी, हे निर्णय मुख्यतः मोटारी करणाऱ्यांच्या हिशेबाच्या वहींत झाले. युद्धोत्तर काळीं डॉलरांच्या निकडीनें, प्रत्येक गाडीमागें चार शिलिंग वांचवून ते झाले. त्या गाड्या दहा-बारा वर्षें चालाव्यात एवढीच अपेक्षा होती. साठ-सत्तर वर्षांनंतर, मिठाच्या रस्त्यांवरून आणि गळक्या गॅरेजांतून निघाल्यावर, त्यांचा सांधान्‌सांधा शाबूत असावा असा करार कोणीं केला नव्हता. अमेरिकेंत ही अपकीर्ति अधिक वाढली याचेंही कारण तेथें शोधलें पाहिजे. १९६७ पर्यंत एम्. जी. बी. त बॅटरीचें धन टोक अंगाला जोडलेलें असे. ऋण टोक जोडण्याची संवय असलेल्या तेथील मेस्त्रीला ही उलटी गाडी परकी, तिचे रंग परके आणि तिच्या पेट्या परक्या. जें कळत नाहीं त्याला नांव ठेवणें हें सर्व देशांत सारखेंच सोपें असतें.

अॅबिंग्डनचा कारखाना १९८० च्या ऑक्टोबरांत बंद पडला. लुकास कंपनी १९९६ त दुसऱ्या एका कंपनींत मिसळली आणि तें जोडनांवही तीन वर्षांनीं तिसऱ्याच्या पोटांत गेलें. आपल्याकडे १९६१ सालीं मद्रासला टी. व्ही. एस्. घराण्याच्या भागीदारींत लुकासच्या नांवानें जो कारखाना निघाला, त्यामुळें भारतांतील गॅरेजवाल्यांना तें नांव अजून घरचें वाटतें. आणि आश्चर्य म्हणजे येथें त्या नांवावर विनोद झाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

अलीकडे जुन्या गाड्यांत तापत्या तारेच्या डबीऐवजीं इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसविण्याची चाल पडली आहे. धन टोक अंगाला असलेल्या गाडींत तो त्याच जातीचा पाहून घ्यावा लागतो. जुन्या डबीला धन-ऋणाचें कांहींच सोयरसुतक नव्हतें. तो अचूक ठेक्यांत चालतो आणि मंद बॅटरीवरही दमत नाहीं, हें खरें. मात्र त्यांतील पुष्कळसे प्रवाह मोजीत नाहींत. मागचा बल्ब जळो, गोळी कळको, अर्थ सुटो, त्यांचा ताल ढळत नाहीं. चालकासमोरचा हिरवा ठिपका ठरल्या वेगानें लुकलुकत राहतो, आणि पाठीमागून येणाऱ्या लॉरीवाल्याला गाडी कोणीकडे वळणार याचा पत्ता नसतो.